अंगणातला रंगमंच

सेलू हे नागपूर-वर्धा मार्गावरील तालुक्याचे गाव. कापसाच्या हंगामात रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले दिसू लागले, की आगमनकाळ जवळ आला असे आम्ही समजतो. आमच्या धर्मग्रामातील अवघी चौदा कुटुंबे येथे राहतात. चर्चची इमारत नाही. महिन्यातील दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आम्ही मोटारसायकलने येथे येतो आणि एका निवृत्त शिक्षकाच्या ओसरीवर मिस्सा अर्पण करतो. त्याच घराच्या अंगणात नाताळची नाटिका होते. दोन कडुनिंबांच्या मध्ये दोरी बांधायची, तिच्यावर दोन साड्या टाकायच्या, की पडदा तयार. प्रेक्षकांसाठी सतरंजी, आणि वडीलधाऱ्यांसाठी शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या. वाचकहो, आमचे नाट्यगृह ते एवढेच.

या नाट्यगृहात आमच्या हातून एक अपराध घडला. तो सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

गोष्ट २०१९ सालची. समृद्धी महामार्गाचे काम त्या वेळी सेलू तालुक्यातून जोरात चालले होते. कामगारांच्या छावण्या ठिकठिकाणी पडल्या होत्या. त्यांतील एका छावणीतून एक कुटुंब रविवारच्या मिस्साला येऊ लागले. नवराबायको आणि अकरा वर्षांची मुलगी. वर्ण गडद काळा, केस दाट कुरळे. पहिल्या रविवारी लोकांनी माना वळवून पाहिले. कोणी म्हणाले, परदेशी असावेत. मिस्सा संपल्यावर त्या गृहस्थाने हात जोडून कोकणीमिश्रित मराठीत सांगितले, "फादर, आम्ही हल्याळकडचे. सिद्दी. आज्या-पणज्यापासून क्रिस्तांव." सेमिनरीत गोव्याच्या सोबत्यांकडून कानांवर पडलेली दोन-चार कोकणी वाक्ये आम्ही बोलून दाखवली. त्या माउलीच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते आजही आमच्या डोळ्यांसमोर आहे.

डिसेंबरात नाटिकेच्या भूमिका वाटायला आम्ही बसलो. मुलीचा आवाज खणखणीत होता, पाठांतर उत्तम होते. तिने स्वतःहून विचारले, "फादर, मी मरीया होऊ?" आम्ही उत्तर देण्यापूर्वी धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या बाई आमच्या कानाशी लागून म्हणाल्या, "फादर, मरीयामाय काळी कशी दिसन जी?" बाई मनाने वाईट नाहीत. गावातल्या आजाऱ्याला पेज नेऊन देणाऱ्या त्या पहिल्या. आणि आम्ही, ज्यांनी देवाच्या प्रतिमेनुसार घडलेल्या माणसावर शेकडो प्रवचने दिली, त्यांनी काय करावे? आम्ही म्हणालो, "हिला तीन राजांतला काळा राजा करू या. दरवर्षी एका पोराला काजळी फासावी लागते, यंदा तो खर्च वाचला." सगळे हसले. आम्हीही हसलो. ती मुलगीसुद्धा थोडीशी हसली.

नाताळच्या रात्री ती आली नाही. ऐन वेळी दुसऱ्या एका मुलाला काजळी फासून आम्ही वेळ निभावली. तिचे वडील मात्र आले होते. कुंपणापाशी, सतरंजीच्या मागे, ते मांडीवर पोत्यात गुंडाळलेली काहीतरी अवजड वस्तू घेऊन बसले होते. कामावरचे हत्यार असेल, असे आम्हांस वाटले. कार्यक्रम संपला, केक वाटला गेला, ते उठले आणि पोते खांद्यावर टाकून अंधारात निघून गेले. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, छावणी रिकामी झाली आणि ते कुटुंबही गेले.

*

२०२३ च्या जानेवारीत सेमिनरीतील आमच्या एका सोबत्याच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव होता. तो कारवार धर्मप्रांतात सेवा करतो. अळणावर स्थानकावर उतरून बसने आम्ही हल्याळला पोहोचलो. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सोबत्याने आम्हांस जंगलालगतच्या एका सिद्दी वाडीवर नेले.

सिद्दी हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. मुरूडजवळचा जंजिरा आणि त्याचे सिद्दी शिवकालाच्या प्रत्येक पुस्तकात येतात. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर हाही आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्याने १६१० च्या सुमारास वसवलेले खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. हे सत्ताधारी सिद्दी आपल्याला ठाऊक असतात. सह्याद्रीच्या रानातले गरीब सिद्दी मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नसतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरब व्यापाऱ्यांनी आणि पोर्तुगीजांनी जी माणसे जहाजांतून आणली, त्यांतील कित्येक गोव्याच्या बाजारात विकली गेली. ज्यांना पळता आले, ते घाट चढून उत्तर कन्नडच्या रानात शिरले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत त्यांचे वंशज आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथॉलिक आहेत. कर्नाटकातील या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला.

येथे एक गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही. गोव्यातील त्या गुलामांचे धनी बहुतांशी ख्रिस्ती होते. रविवारी ते मिस्साला जात आणि घरी येऊन माणसाला माणूस म्हणून वागवत नसत. गुलामाला बाप्तिस्मा मिळे. मोकळीक मिळतच असे नाही. पवित्र पाण्याने ज्याला आपण भाऊ केले, त्याला विकत घेणारा हातही आपलाच होता. ही आपल्या घराची कहाणी आहे आणि ती आपणच सांगितली पाहिजे.

वाडीवर संध्याकाळी एका फणसाखाली माणसे जमली. जमीन शेणाने सारवलेली होती. रंगमंच नव्हता, पडदा नव्हता. एका वृद्धाने लाकडी खोडाचा, दोन्ही तोंडांना कातडे चढवलेला ढोल मांडीवर आडवा घेतला. यालाच ते दमाम म्हणतात. पहिली थाप पडली आणि बायका उठल्या. हिंदू घरची, मुसलमान घरची, आपल्या चर्चची, कोण कोणती ते आम्हांस ओळखता येईना. दमाम तिघींचाही होता. ज्या भाषा आफ्रिकेतून त्यांच्याबरोबर निघाल्या, त्या शतकांच्या वाटेत गळून पडल्या. ताल मात्र राहिला.

आमच्या सोबत्याने सांगितले, की मंचीकेरीच्या सिद्दींना घेऊन हेग्गोडूच्या 'निनासम' या नाट्यसंस्थेने पूर्वी एक नाटक बसवले होते. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीवर ते आधारलेले होते. शतकांपूर्वी ज्यांना आफ्रिकेतून ओढून आणले, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी सह्याद्रीत उभे राहून, कन्नड भाषेत, आफ्रिकेच्या एका गावाची गोष्ट आपल्याच शेजाऱ्यांना दाखवावी, यापरते नाट्य ते कोणते!

त्या दमामाकडे पाहताना आमच्या मनात कुठेतरी काहीतरी हलले. एवढाच आकार, एवढेच वजन, अशीच मांडीवर आडवी ठेवलेली वस्तू आम्ही पूर्वी पाहिली होती. आम्ही सोबत्याला सेलूच्या त्या कुटुंबाविषयी विचारले. ते जवळच्याच वाडीवर होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या दारात गेलो. मुलगी आता चौदा वर्षांची, आईएवढी उंच झाली होती. तिच्या आईने चहा केला. आम्ही मुलीसमोर बसून म्हणालो, "बेटा, त्या नाताळात आम्ही चुकलो. आम्हांस क्षमा कर." ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन खरडत राहिली. मग म्हणाली, "फादर, राजा केलं त्याचं काय नाही. राजा झाले असते मी. पण तुम्ही हसलात."

पंचवीस वर्षे आम्ही कबुलीच्या पेटीत बसून लोकांची पापे ऐकत आलो आहोत. आमचे पाप इतक्या थोड्या शब्दांत कोणी आम्हांस सांगितले नव्हते.

निघताना आम्ही तिच्या वडिलांना विचारले, "त्या रात्री पोत्यात दमाम होता ना?" ते म्हणाले, "हो फादर. म्हटलं, कोणी विचारलं तर वाजवीन. बाळ येशूपुढं आम्ही वाजवतो."

*

परत आल्यावर त्या वर्षीच्या नाताळात आम्ही नाटिका केलीच नाही. आवाज बसल्याचे निमित्त सांगितले. खरे कारण भित्रेपणा. भूमिका पुन्हा वाटायच्या, आणि बाईंनी पुन्हा कानाशी लागायचे, याला तोंड देण्याचे धैर्य आमच्यात नव्हते.

ते धैर्य एका मृत्युवार्तेने दिले. जून २०२४ मध्ये जेम्स लॉसन या अमेरिकन पाळकांचे पंच्याण्णवाव्या वर्षी निधन झाल्याचे आम्ही वाचले. हे कृष्णवर्णीय मेथडिस्ट गृहस्थ १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. मुलांना खेळ शिकवत आणि गांधीविचाराचा अभ्यास करत. माँटगोमेरी येथील काळ्या लोकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यांनी डिसेंबर १९५५ मध्ये नागपुरातच, इथल्या वर्तमानपत्रात वाचली. पुढे मायदेशी जाऊन ते मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी झाले. आमच्या सेमिनरीचे दिवस नागपुरात गेले. हिस्लॉप कॉलेजावरून आम्ही कित्येकदा सायकलने गेलो असू. त्या फाटकातून कोण आत-बाहेर गेले होते, याची आम्हांस गंधवार्ता नव्हती.

लॉसन यांनी नॅशव्हिल शहरात विद्यार्थ्यांना जे शिक्षण दिले, त्याचे वर्णन वाचून आम्ही चकित झालो. चर्चच्या तळघरात ते चक्क नाटक करवून घेत. काही मुले उपाहारगृहात शांतपणे बसलेल्या काळ्या गिऱ्हाइकांची भूमिका करत. बाकीची मुले गोऱ्या गुंडांची. ती शिव्या देत, ढकलत, खुर्चीवरून ओढून पाडत. मग भूमिका बदलत. ज्याने अपमान सोसला त्याने आता अपमान करायचा, आणि आपल्या मनात काय उठते ते पाहायचे. अशा तालमीनंतर ही मुले १९६० साली खऱ्या उपाहारगृहांत जाऊन बसली. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. पण हात उचलला नाही. त्याच वर्षी तेथील उपाहारगृहांची दारे काळ्या माणसांना उघडू लागली.

अधिक शोध घेतला, तेव्हा हा धागा आमच्या वर्ध्यापर्यंत येऊन पोहोचला. १९३६ च्या फेब्रुवारीत हॉवर्ड थर्मन, त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन आणि सोबती बारडोलीला गांधीजींना भेटले. बोलणे झाल्यावर गांधीजींनी त्यांना आपल्या लोकांचे एक भक्तिगीत म्हणायला सांगितले. गीत होते प्रभूच्या क्रूसावरील मरणाचे. ते ऐकणाऱ्याला विचारते, की त्या वेळी तू कोठे होतास. तंबूत बसलेल्या त्या हिंदू महात्म्यासमोर गुलामांच्या नातवंडांनी ते गायिले. महादेवभाई देसाई यांनी 'हरिजन'मध्ये या भेटीचा वृत्तान्त लिहिला आहे. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. आणि १९३६ साल संपून ३७ उजाडत असताना प्राध्यापक बेंजामिन मेज हे त्यांना भेटायला वर्ध्याला येऊन गेले. पुढे अटलांटा येथील मोअरहाउस कॉलेजचे ते अध्यक्ष झाले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांचेच विद्यार्थी.

आपल्या महाराष्ट्राने या गोष्टी अगदीच ओळखल्या नाहीत, असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईतील तरुणांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' असे नाव दिले, ते तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरूनच. ज्यांनी अपमान भोगला त्यांना सातासमुद्रापलीकडचा आपला भाऊ ओळखू आला. आम्हांला अंगणात बसलेला ओळखू आला नाही.

अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १९१५ पासून चालत आलेली एक संस्था आहे. गरीब वस्तीतील एका दांपत्याने शेजारपाजारच्या सर्व वर्णांच्या लोकांसाठी ती उघडली, आणि पाहता पाहता ते काळ्या नटांचे, लेखकांचे घर झाले. कवी लँगस्टन ह्यूज यांची नाटके तेथे झाली. १९३९ साली तिचे नाट्यगृह जळाले; लोकांनी ते पुन्हा उभे केले. तिचे नाव 'कारामू'. हा स्वाहिली शब्द असून त्याचा अर्थ मेजवानी, आनंदाने एकत्र जमणे. आम्हांस हे नाव फार आवडले. मेजवानीला बोलावणाऱ्या यजमानाचा दृष्टान्त प्रभूने सांगितलाच आहे. आधी बोलावलेले आले नाहीत, तेव्हा रस्त्यावरच्यांना आणून घर भरायला त्याने सांगितले.

आणि आपल्या कॅथॉलिक वाचकांनी सिस्टर थिया बोमन यांचे नाव अवश्य लक्षात ठेवावे. जून १९८९ मध्ये कर्करोगाने जर्जर झालेल्या या कृष्णवर्णीय भगिनी चाकांच्या खुर्चीत बसून अमेरिकेच्या बिशपांसमोर बोलल्या. त्यांच्या बोलण्याचे सार असे, की मी ख्रिस्तसभेत येते तेव्हा माझे गाणे, माझा नाच, माझा इतिहास हे सारे दाराबाहेर ठेवून येत नाही. ती माझी भेट आहे. शेवटी त्यांनी बिशपांना हातांत हात गुंफून उभे केले आणि गायला लावले. पुढच्याच वर्षी त्या देवाघरी गेल्या. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितलेच होते. हा दस्तऐवज आम्ही सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या पोत्याकडे पाहताना तो आम्हांस आठवला नाही.

*

२०२४ च्या आगमनकाळात आम्ही सेलूच्या सर्व कुटुंबांना ओसरीवर बसवले आणि ही सारी हकिकत, स्वतःच्या हसण्यासकट, सांगितली. कोणी काही बोलले नाही. मग आम्ही सुचवले, की यंदा भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, आणि गाण्याला पेटीबरोबर खंजिरी आणि ढोलकीही असावी. यावर मात्र वाद झाला. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "फादर, ढोलकी आणली तर आपल्यात अन् बाकीच्यांत फरक काय उरला?" आम्ही म्हणालो, "काका, तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकतच आपण सारे वाढलो. बाळ येशू काय फक्त पेटीच ऐकतो?" त्यांना ते पटले असे नाही. नाताळच्या रात्री ते आले, पण मागे उभे राहिले.

चिठ्ठीत मरीयेची भूमिका एका वीटभट्टी कामगाराच्या मुलीला गेली. ती सावळी, आणि बोलताना थोडी अडखळणारी. आम्ही बाईंकडे पाहिले. बाई काही क्षण गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हिचे वाक्य मी पाठ करून घेतो जी." तीन राजांची चिठ्ठी निघाली तेव्हा एका मुलाने सवयीने काजळीची डबी मागितली. त्याला सांगितले, की राजा राजाच असतो. तू आहेस तसाच चल.

एक भूमिका मात्र आम्ही चिठ्ठीत घातली नाही. ती स्वतःकडे ठेवली. नॅशव्हिलच्या तळघरातला तो पाठ आम्हांस करून पाहायचा होता. बेथलेहेमच्या धर्मशाळेचा मालक आम्ही झालो. साड्यांच्या पडद्यातून योसेफ आणि मरीया पुढे आली. मरीयेने अडखळत विचारले, "आम्हांला जागा मिळेल का?" पन्नाशी उलटलेल्या, पांढरा झगा घालणाऱ्या या माणसाने, चौदा कुटुंबांच्या देखत, त्या सावळ्या मुलीकडे पाहून म्हणायचे होते, "येथे जागा नाही." वाक्य तीन शब्दांचे. आमच्या तोंडून ते लवकर निघेना. लोकांना वाटले, फादर वाक्य विसरले. मागून बाईंनी हळूच आठवण करून दिली.

त्या रात्रीचे छायाचित्र आम्ही हल्याळच्या सोबत्यामार्फत त्या कुटुंबाकडे पाठवले. मुलीचा निरोप आला, की मरीया छान दिसते. तिच्या वडिलांनी विचारले, की ढोलकी कोणी वाजवली. यंदाच्या नाताळात सवड झाली तर या, असे आम्ही त्यांना कळवले आहे. येतील की नाही, ते रजा आणि रेल्वेचे तिकीट यांवर आहे.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही नाताळची नाटिका होत असेल. भूमिका वाटायला बसाल, तेव्हा कोणाला कोणती भूमिका का दिली, हे एकदा स्वतःला विचारा. आणि अंगणाच्या टोकाला, सतरंजीच्या मागे, कोणी मांडीवर पोते घेऊन बसलेले दिसले, तर त्यात काय आहे ते कार्यक्रम संपण्याआधी विचारा. आम्ही विचारले नव्हते.